चाळिशीनंतर नाच सोडायचा, हे कुणी ठरवलं?

"चाळिशी उलटली, आता गुडघे सांभाळ, नाच पुरे." सोलापुरात वर्षानुवर्षं कथक किंवा भरतनाट्यम करणाऱ्या बायकांना हे घरातूनच ऐकावं लागतं. समज जुना आहे, पण चुकीचा आहे.

गुडघ्यातल्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरात, रक्तवाहिन्या नसतात. भार पडतो, सुटतो, तसा सांध्यातला द्रव आत-बाहेर होतो आणि तिचं पोषण होतं. म्हणजे नुसतं बसून राहणंच तिला मारक! वयानुसार स्नायूंची ताकद घटते, शरीर सावरायला वेळ लागतो, हे मात्र खरं. म्हणून उड्या कमी, अंग तापवणं जास्त, आणि मांड्या-पोटऱ्यांचा ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा तरी हवाच.

आपल्याकडे खरी काळजी फरशीची करावी. शहाबादीवर अनवाणी तत्कार (कथकमधलं पायांचं काम) केला की दणका थेट नडगीत जातो. वर सोलापुरी चादर अंथरली तर ती गिरकी घेताना सरकते आणि पाय मुरगळतो. खाली पोकळी ठेवलेली लाकडी फळ्यांची जमीन हाच खरा उपाय.

नृत्यदिग्दर्शक यिरी किलियान यांनी १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये चाळिशीपुढच्या नर्तकांसाठीच वेगळा नृत्यसंच उभारला. जपानचे नर्तक काझुओ ओनो तर नव्वदीतही रंगमंचावर होते. नुसता हात उचलायला ते किती वेळ घेत! तो ठहराव विशीत सहसा येत नाही.

गुडघा सुजला किंवा अडकू लागला, तर मात्र अंगावर काढू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि "नाच बंद" एवढंच सांगितलं, तर नेमकी कोणती हालचाल टाळायची, हे आवर्जून विचारा.