पार्श्वभूमी : टायरमधला नायट्रोजन आणि ‘फुटणे’चा घोळ

बडोद्यातून अहमदाबादच्या एक्सप्रेसवेला लागण्याआधी टायरच्या दुकानात विचारतातच, ‘हवा की नायट्रोजन?’ पंपावरची हवा फुकट, नायट्रोजनचे चाकामागे पैसे, आणि ते दिल्याची खूण म्हणून व्हॉल्व्हला हिरवी टोपी. तसा हा वायू या शहराला नवा नाही. खत कारखान्यात तो अमोनियासाठी लागतो, रिफायनरीत टाक्या-पाइपांतला ऑक्सिजन हुसकायला. मोटारीच्या चाकात मात्र तो विमानाचे नाव सांगत आला.

३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिको सिटीहून निघालेले बोइंग ७२७ डोंगरात कोसळले; १६७ जण गेले. अडकलेल्या ब्रेकने चाक तापले होते आणि टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती; त्या टायरचा उड्डाणातच स्फोट झाला. पुढच्या वर्षी अमेरिकी नियामकांनी आदेश काढला : मोठ्या प्रवासी विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजन ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको.

या ५ टक्क्यांमागचे कारण नीट पाहायला हवे, कारण पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. ब्रेक बेसुमार तापला की टायरच्या आतल्या थराचे रबर उष्णतेने विघटित होऊन ज्वालाग्राही वाफा सोडते. आत ऑक्सिजन असेल तर त्या पेटतात. विमानाच्या चाकात जादा उष्णतेला वितळून दाब सोडणारे प्लग असतात, पण हा भडका इतका झटपट होतो की प्लगला वेळच मिळत नाही. हा खरा स्फोट. खाणीतल्या डंपरला नायट्रोजन भरतात तो याच भीतीने, आणि टायर चढवलेल्या रिमवर, हवा काढलेली असली तरी, वेल्डिंग करू नये तेही याचसाठी.

हायवेवर गाडीचा टायर ‘फुटतो’ तेव्हा यातले काही घडत नाही. हवा कमी असते, बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, तापते, आतले धागे सुटतात आणि टायर फाटतो. तिथे ३३ पीएसआयऐवजी (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) २४ असतील, तर वायू कोणता हे टायरला कळत नाही. मराठीत दोन्हीला ‘फुटणे’च म्हणतात. विक्रेत्यांनी या एका शब्दावर बराच धंदा केला, आणि धोरणही त्याच वाटेने गेले. जुलै २०१९ मध्ये राज्यसभेत टायरच्या रबरात सिलिकॉन आणि आत नायट्रोजन सक्तीचा करण्याचा विचार मांडला गेला, तोही एक्सप्रेसवेवरच्या अपघातांच्या संदर्भात.

मग फायदा काहीच नाही का? आहे, पण छोटा. एका अमेरिकी ग्राहक मासिकाने ३१ मॉडेलांचे टायर ३० पीएसआयला भरून वर्षभर नुसते ठेवले. हवेचे सरासरी ३.५ पीएसआय उतरले, नायट्रोजनचे २.२. वर्षाला १.३ पीएसआयचा फरक; महिन्यातून एकदा दाबाचा काटा लावणाऱ्याला तो जाणवणारही नाही.

शिवाय ‘शुद्ध’ हा शब्दही सैल आहे. टायर बसवला की त्यात वातावरणाच्या दाबाची हवा आधीच असते. ३३ पीएसआयला ती आतल्या एकूण वायूच्या जवळजवळ ३१ टक्के. मशीन ९७ टक्के शुद्धतेचे असले, तरी एकदा भरून ऑक्सिजन सुमारे साडेआठ टक्के उरतो. व्हॉल्व्हची पिन काढून टायर पूर्ण सोडायचा आणि पुन्हा भरायचा, तेव्हा कुठे तो पाचाच्या आत येतो. गर्दीच्या दिवशी ही दुसरी फेरी कोण करतो?

‘नायट्रोजन तापत नाही’, म्हणजे उन्हात दाब वाढत नाही, हा दावाही चुकीचा. मे महिन्यात सकाळी २८ अंशांना ३३ भरलेला टायर दुपारी ४३ अंशांत नुसता उभा राहिला तरी ३५ च्या वर जातो, दोन्ही वायूंत सारखाच. खरा फरक ओलाव्याचा. कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक रोज उघडून पाणी काढले नाही, तर पावसाळ्यात ते पाणी टायरमध्ये जाते. चमचाभर पाणी ६० अंशांना वाफ होऊन दोनेक पीएसआयची भर घालते. नायट्रोजन मशीनमधून कोरडाच निघतो. पण कोरडी हवाही तेच काम करते.

वाटेत हिरव्या टोपीच्या टायरमध्ये साधी हवा भरावी लागली तर बिनधास्त भरावी. तीन पीएसआयने ऑक्सिजन जेमतेम एक टक्का वाढतो.