शटल: फेकायचा शब्द परतीचा कसा झाला

सोलापुरात ‘शटल’ हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. पूर्व भागात मागांच्या खटखटाटात वाढलेल्या पोराला तो बॅडमिंटनच्या आधी भेटतो. दोन्ही टोकांना धातूची टोपणं असलेलं लांबुळकं लाकूड आणि त्याच्या पोटात बाण्याच्या, म्हणजे आडव्या, सुताची कांडी. जुन्या मराठीत हा धोटा, कन्नड घरांत लाळी. पण यंत्रमागावर सगळ्यांचं शटलच.

इंग्रजीत मात्र हा शब्द धोट्यासाठी जन्मलाच नव्हता. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत त्याचं रूप साधारण ‘श्युतेल’ असं होतं आणि अर्थ होता फेकून मारायचं शस्त्र: बाण किंवा लहान भाला. ‘शूट’ आणि ‘शॉट’ हे त्याचे सख्खे नातेवाईक. दाराचा अडसर झटक्यात सरकवणं ही क्रियासुद्धा याच कुळातली, तिच्यातून ‘शट’ आला आणि पुढे ‘शटर’. म्हणजे बंदच्या दिवशी दुकानदार खाली ओढतो ते शटर आणि मागावर धावतं ते शटल एकाच घरातले. ‘शीट’ हा शब्दही अभ्यासक याच धातूपाशी नेतात. जुन्या इंग्रजीत त्याचे अर्थ होते कापडाची पट्टी, पांघरूण, अंग पुसायचं वस्त्र. चादर आणि टॉवेल या दोन्हींसाठी भौगोलिक मानांकन मिळवलेल्या शहराला याहून सोयीचं गोत्र कुठून सापडणार?

इथे एक गंमत आहे. बाण सुटला की सुटला, तो परत येत नाही. आज मात्र इंग्रजीत ज्याला ज्याला शटल म्हणतात ते सगळं जाऊन परत येणारं असतं. अर्थाने ही कोलांटी मारली ती मागावर, चौदाव्या शतकाच्या आसपास.

मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा. त्यातले काही वर उचलले आणि काही खाली राहिले की मधे एक बोगदा तयार होतो. त्यातून शटल एका बाजूने फेकायचं, दुसऱ्या बाजूला झेलायचं. ते मागे सूत सोडत जातं. मग धाग्यांची अदलाबदल आणि शटल उलट फेकायचं. ते परत यायलाच हवं, कारण सूत तुटलेलं नसतं. कडेच्या धाग्याला वळसा घालून तेच सूत माघारी येतं आणि त्या वळशांमधून कापडाचा पक्का काठ घडतो. तेव्हा फेकण्यावरून पडलेलं नाव येरझारेला चिकटलं, आणि मूळचा बाण हळूहळू विस्मरणात गेला.

(बाणावरून आठवलं. ताण्याबाण्यातला ‘बाणा’ या बाणाशी जोडायचा मोह अनेकांना होतो. तो जोडू नये. बाण्याचं मूळ विणणं या अर्थाच्या संस्कृत ‘वान’मध्ये आहे. व्युत्पत्तीत आवाजावर विश्वास ठेवणारा माणूस हमखास फसतो.)

हातमागावर कापडाचा पन्हा विणकराच्या हातांच्या आवाक्यापुरताच असे, जास्त रुंद कापडाला दोन माणसं लागत. १७३३ मध्ये इंग्लंडच्या जॉन के याने ही अडचण सोडवली. त्याच्या मागावर दोरीला हिसका दिला की काठावरच्या पेटीतून शटल स्वतःच धावत सुटे. या ‘उडत्या शटल’मुळे विणकाम एवढं वेगवान झालं की सूतकताई मागे पडली, आणि मग कताईची यंत्रं शोधण्याची घाई सुरू झाली. केच्या मुलाने, रॉबर्टने, १७६० मध्ये वरखाली होणारी शटलपेटी काढली. वेगवेगळ्या रंगांची शटलं पाळीपाळीने सोडता आल्यामुळे रंगीत पट्टे सोपे झाले. स्वतः जॉन केच्या वाट्याला पेटंटवरून भांडणं आली आणि तो फ्रान्समध्ये विपन्नावस्थेत मेला.

येरझारा हा अर्थ एकदा पक्का झाल्यावर मात्र शब्द जिथे तिथे घुसला. सोळाव्या शतकातच दोन फळ्यांमध्ये टोलवल्या जाणाऱ्या पिसांच्या फुलाला ‘शटलकॉक’ म्हणू लागले: शटल येण्याजाण्यावरून, कॉक कोंबड्याच्या पिसांवरून. या फुलाचं वजन जेमतेम पाच ग्रॅम आणि पिसं सोळा. हवा पिसांना एवढी अडवते की फूल फटक्यानंतर लगेच उलटतं, बूच पुढे येतं आणि वेग झपाट्याने ओसरतो. बॅडमिंटनपटू सात्विकसाईराज रंकीरेड्डीने २०२३ मध्ये ताशी ५६५ किलोमीटरच्या स्मॅशचा विक्रम केला, पण तो वेग रॅकेट सोडतानाचा; पलीकडच्या खेळाडूपर्यंत त्यातला फारच थोडा पोचतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोनच ठिकाणांमध्ये ये-जा करणारी आगगाडी शटल झाली. १९७० च्या दशकात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर पश्चिम आशियातल्या राजधान्यांमध्ये विमानाने फेऱ्या मारू लागले तर त्या मुत्सद्देगिरीलाही तेच नाव मिळालं. मग अमेरिकेचं अंतराळयान. १२ एप्रिल १९८१ ला ‘कोलंबिया’ उडालं. २०११ पर्यंत अशा यानांच्या १३५ मोहिमा झाल्या. त्याआधीची माणसं नेणारी यानं एकदाच वापरायची असत, हे मात्र धावपट्टीवर उतरून पुन्हा उडायला तयार होई. नावातलं वचन दोनदा मोडलं: १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ आणि २००३ मध्ये कल्पना चावला होती ते ‘कोलंबिया’.

मला यातलं सर्वात आवडतं शटल आपल्या पेशींत आहे. चरबीतली लांब साखळीची आम्लं मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघराच्या, आतल्या पडद्यातून थेट जाऊ शकत नाहीत. कार्निटिन नावाचा रेणू त्यांना धरतो, आत पोचवतो, ओझं उतरवतो आणि पुढच्या खेपेसाठी बाहेर येतो. जीवरसायनशास्त्रात याला कार्निटिन शटल म्हणतात, आणि माझ्या मते धोट्याची आठवण या नावाइतकी नेमकी दुसऱ्या कुठल्याही नावात उरलेली नाही.

इतर भाषांनी त्याच लाकडात वेगळंच काही पाहिलं. फ्रेंचांना आकार दिसला, म्हणून ‘नाव्हेत’, म्हणजे छोटी नाव. त्यांचं अंतराळयानही मग होडीच झालं. संस्कृतात धोट्याला ‘तसर’ म्हणत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं एक सूक्त यज्ञालाच विणकाम मानतं आणि सामगीतांना त्यातले तसर. आपल्याकडच्या टसर रेशमाचं नाव त्याच शब्दावरून आलेलं मानतात.

सोलापुरात पहिली कापडगिरणी, पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेलेली, १८७७ मध्ये उभी राहिली. तेव्हापासूनच्या यंत्रमागात एक दुखणं कायम राहिलं: जरासं सूत पलीकडे न्यायला कित्येक पट जड लाकूड दर फेरीला वेगात सोडायचं आणि लगेच थांबवायचं. मागाची बरीचशी ताकद यातच खर्च होते आणि तो खटखटाटही यातूनच येतो. म्हणून शटलशिवायचे माग आले. रॅपिअरमध्ये दांड्याच्या टोकाची पकड सूत ओढून नेते, एअरजेटमध्ये हवेचा झोत नेतो. १९५० च्या दशकात बाजारात आलेल्या एका प्रकारात तर बोटाएवढी धातूची गोळी सूत पकडून पलीकडे झाडली जाते. ती मागावरून परत येत नाही, खालच्या पट्ट्यावरून माघारी आणली जाते. शब्दाचा जुना बाण असा शटल हद्दपार केलेल्या मागावर पुन्हा सापडला.

या बदलाचा पुरावा कापडाच्या काठात असतो. शटलवर विणलेल्या चादरीचा लांब काठ बोटाने चाचपला तर आडवं सूत वळून परत गेलेलं लागतं, सुटं टोक नसतं. रॅपिअरच्या कापडात प्रत्येक आडवा धागा कापलेला असतो, त्यामुळे काठाला बारीक झालर राहते, ती जादा धाग्यांनी बांधलेली किंवा आत दुमडलेली असते. शिवून टाकलेला काठ असेल तर मात्र दुकानदारालाच विचारावं लागेल.