बांधकामाचं ॲप साइटवर टिकतं कधी?

बांधकामाचं सॉफ्टवेअर निवडतो मालक किंवा प्रोजेक्ट मॅनेजर. त्यातले तक्ते बघतं हेड ऑफिस. रोज माहिती भरायची मात्र स्टोअरकीपरनं आणि सुपरवायझरनं. गटानं वापरायची सॉफ्टवेअर का फसतात, याचं एक मोठं कारण संगणक-संशोधक जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्येच मांडलं होतं: कष्ट एकाचे आणि फायदा दुसऱ्याचा. त्यांच्यापुढे उदाहरण होतं ऑफिसातल्या सामायिक कॅलेंडरचं, पण साइटवर हीच गोष्ट जास्त टोचते. तिथं नोंद करणाऱ्याच्या एका हातात चलन (मालाबरोबर येणारी पावती) असतं, दुसऱ्यात टेप, आणि गेटवर डंपरचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो.

म्हणून नव्या वापरकर्त्याला ॲपची ओळख करून देताना पहिला प्रश्न ‘काय काय शिकवायचं’ हा नको. ‘आज संध्याकाळपर्यंत या माणसाच्या पदरात काय पडणार’ हा हवा.

सुरुवात माल आवकेपासून करणं सगळ्यात बरं. हजेरी, बिलं, ड्रॉइंग, सुरक्षा असे सगळे विभाग पहिल्याच दिवशी उघडले, तर स्क्रीनवर बटणांची जत्रा भरते आणि माणूस रजिस्टरकडे परततो. आवकेच्या नोंदीला पाच गोष्टी पुरतात: पुरवठादार, चलन नंबर, गाडी नंबर, माल व मोजमाप, आणि चलनाचा फोटो. तारीख-वेळ फोननं स्वतः टाकावी. नेहमीचे पुरवठादार यादीत वर यावेत.

आता स्टोअरकीपरच्या पदरात काय पडतं ते बघू. वाळूची गाडी आली, चलनावर २ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). स्टोअरकीपरनं आतून माप घेतलं: लांबी १२ फूट, रुंदी ६, मालाची उंची अडीच. गुणाकार १८० घनफूट, म्हणजे १.८ ब्रास. ॲपनं हा हिशेब जागेवर करून चलनाशी असलेला ०.२ ब्रासचा फरक फोटोसह पुरवठादाराच्या बिलाला जोडला, तर महिनाअखेरीस ‘माल कमी का भरला’ हे उत्तर स्टोअरकीपरला द्यावं लागत नाही. त्याच्यासाठी ॲपचा अर्थ एवढाच, आणि तेवढा पुरतो. इथं एक रकाना जास्तीचा ठेवावा: वाळू ओली की कोरडी. बारीक वाळूत पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा असला, की कणांवरच्या पाण्याच्या थरामुळे ती फुगते आणि आकारमान वीस-तीस टक्क्यांनी वाढू शकतं. पावसाळ्यात भरलेली दिसणारी गाडी म्हणूनच फसवते.

सळईचंही तसंच. व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले १६२, म्हणजे दर मीटरचं किलोतलं वजन. हे सूत्र साइटवर सगळ्यांना पाठ असतं. १२ मिमीच्या, १२ मीटर लांबीच्या २०० सळ्यांचं वजन साधारण २,१३३ किलो यायला हवं. सळईच्या आयएस १७८६ या भारतीय मानकानुसार या व्यासाला पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे खालची मर्यादा साधारण २,०२७. वजनकाट्याची पावती १,९९० दाखवत असेल, तर गाडी रिकामी होण्याआधी लाल खूण दिसली पाहिजे. रात्री हेड ऑफिसला कळून उपयोग नाही.

एककांचा घोटाळा तर हमखास होतो. बाहेरच्या देशात घडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये घनमीटर आणि टन असतात. महाराष्ट्रातला वाळूवाला ब्रासमध्ये बोलतो. १ ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. हे रूपांतर माणसावर सोपवलं, की तो घनमीटरच्या रकान्यात ब्रासचा आकडा टाकतो आणि साठा जवळजवळ एक तृतीयांश दिसू लागतो. नोंद त्याच्या एककात घ्यावी, रूपांतर आत करावं. मालाच्या यादीतही ‘१० एमएम’, ‘स्टील १०’, ‘टीएमटी १०’ अशी एकाच सळईची तीन नावं घुसतात. म्हणून यादी आधी स्टोअरच्या रजिस्टरमधून उतरवावी, त्या साइटवर खरोखर लागणाऱ्या तीस-चाळीस वस्तूंपुरती, आणि नवं नाव घालायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवावा.

प्रशिक्षण म्हणून सगळ्यांना सभागृहात बसवून चार तास स्लाइड दाखवणं जवळपास वाया जातं. नवं शिकलेलं सुरुवातीलाच झपाट्यानं विसरतं, हे मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. त्यापेक्षा साइटवर, खऱ्या गाडीवर, खऱ्या चलनावर पंधरा मिनिटं द्यावीत. पहिली नोंद शिकवणाऱ्यानं करून दाखवावी, दुसरी दोघांनी मिळून करावी, तिसरीच्या वेळी शिकवणाऱ्यानं फोनला हात लावू नये. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं पुन्हा एक फेरी.

सवय लागायला किती दिवस? फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ स्वयंसेवकांवर केलेल्या, २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात नवी दैनंदिन कृती अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. ते प्रयोग खाण्यापिण्याचे आणि व्यायामाचे होते, साइटचे नव्हेत. तरी चौदा दिवसांच्या मोफत चाचणीवरून ‘टीमनं ॲप स्वीकारलं’ असं म्हणणं घाईचं, एवढं त्यातून नक्की कळतं. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नव्हतं. त्यामुळे ‘तुमची साखळी तुटली’ असल्या सूचना निव्वळ त्रास.

आठवण करून द्यायचीच, तर कामात आधीच असलेली वापरावी. काँक्रीटची ताकद तपासायला भरतात ते क्यूब हे त्याचं उत्तम साधन. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकानुसार ३१ ते ५० घनमीटरला चार नमुने, पुढच्या दर ५० ला किंवा उरलेल्या भागाला एक. १२० घनमीटरच्या स्लॅबला सहा नमुने, प्रत्येकी तीन म्हणजे अठरा क्यूब २८ दिवसांच्या चाचणीसाठी. ७ दिवसांचे वेगळे. भरणीच्या दिवशी ॲपनं ही संख्या सांगितली आणि पुढच्या तारखा लावल्या, की क्वालिटी इंजिनिअर सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी आपणहून परत येतो. त्याला बोलवायला नोटिफिकेशनचा भडिमार लागत नाही.

रजिस्टर किती दिवस चालू ठेवायचं? कायमचं ठेवलं, तर ॲप हे दुप्पट काम होतं आणि आधी तेच सुटतं. एका स्लॅबच्या चक्रापुरते दोन्ही चालवावेत, रोज संध्याकाळी आकडे जुळवावेत आणि बंद करायची तारीख आधीच भिंतीवर लावावी. बेसमेंटमध्ये नेटवर्क मरतं. नोंद फोनमध्ये साठून नंतर गेली नाही, तर त्या तारखेला काही अर्थ उरत नाही.

टिकाव मोजताना लॉगिनची संख्या फसवी. चलनावरची वेळ आणि नोंदीची वेळ यांतलं अंतर बघावं. सगळ्या नोंदी रात्री आठला एकदम येत असतील, तर रजिस्टरवरून नक्कल चालली आहे आणि गेटवरचा फायदा कुणालाच मिळत नाही. दुसरी खूण ऑफिसच्या बाजूची: भरलेल्या नोंदी कुणी उघडतं का? आठवडाभर एकाही फरकाबद्दल फोन आला नाही, की भरणारा ओळखतो आणि आकडे अंदाजे पडू लागतात.

राहता राहिला माणूस बदलण्याचा प्रश्न. स्टोअरकीपर सोडून जातात, बहुधा काम ऐन रंगात असताना. खातं त्याच्या खासगी नंबरावर असेल, तर माहिती त्याच्याबरोबर अडकते. फोन आणि नंबर साइटचा असावा, प्रत्येकाचा पिन वेगळा. नव्या माणसानं पहिल्या दिवशी साठ्याची प्रत्यक्ष मोजणी करून ॲपमधला आकडा सहीनं मान्य करावा किंवा फरक लिहावा. आधीच्याची तूट त्याच्या नावावर चढत नाही, आणि ॲपशी त्याची ओळख याच कामातून होते.