कॅफे रेसर : इंदुरातील जुन्या मोटारसायकलींची हलकी बांधणी

जुन्या मोटारसायकलवरचा उपरा भार उतरवून, चालकाची बैठक खाली व पुढे झुकती करून आणि इंजिनाचा श्वास मोकळा करून तिला मूळ रूपापेक्षा चपळ बनवण्याच्या पद्धतीला, तसेच अशा रीतीने घडवलेल्या गाडीलाही, कॅफे रेसर म्हणतात. इंदुरात हा शब्द पाट्यांवर आणि तरुणांच्या बोलण्यात आहे. गॅरेजात गिऱ्हाईक एवढेच म्हणते, ‘भिया, गाडी हल्की करनी है।’ घरी मराठी आणि मिस्त्रीशी माळव्याची हिंदी ही इथल्या मराठी माणसाची जुनी सवय, त्यामुळे या कारागिरीची भाषाही तशीच मिसळीची आहे.

रीत मूळची इंग्लंडची. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर 1938 साली सुरू झालेले, युद्धात बाँब पडून उद्ध्वस्त झालेले आणि 1949 मध्ये पुन्हा उभे राहिलेले ‘एस कॅफे’ हे उपाहारगृह रात्रभर उघडे असे. 1950 च्या दशकात तिथे चामडी जाकिटे घातलेली कामगारवस्तीतली पोरे जमू लागली. ताशी 100 मैल, म्हणजे सुमारे 161 किलोमीटर, हा त्यांचा पण. जूकबॉक्समध्ये नाणे टाकायचे आणि गाणे संपायच्या आत ठरलेल्या वळणाला वळसा घालून परतायचे, अशी दंतकथा त्या जागेला चिकटली आहे. शर्यतीचे खास यंत्र परवडत नसल्याने ही पोरे कामावर जायच्या गाडीवरूनच मडगार्ड, कॅरिअर, मोठे हँडल उतरवत. कसबी लोक त्याहून पुढे गेले. नॉर्टन कंपनीसाठी मॅककँडलेस बंधूंनी बनवलेली, 1950 मध्ये आलेली ‘फेदरबेड’ फ्रेम वळणावर फार स्थिर होती, तर इंजिन ट्रायम्फचे सरस. दोन्ही एकत्र केले की होई ‘ट्रायटन’. फ्रेमचे नाव एका शर्यतपटूच्या शेऱ्यावरून पडले : पिसांच्या गादीवर बसल्यासारखे वाटते. पुढे 1969 मध्ये होंडाची चार सिलिंडरची सीबी 750 आली आणि वेगवान गाडी थेट दुकानात मिळू लागली. त्याच वर्षी एस कॅफेही बंद पडले. ते पुन्हा उघडले 2001 मध्ये, तोवर वेगाच्या निकडीची जागा जुन्या रूपाच्या ओढीने घेतली होती. रॉयल एनफील्डने 1960 च्या दशकातले आपले ‘कॉन्टिनेंटल जीटी’ हे नाव 2013 मध्ये 535 सीसीच्या आणि 2018 मध्ये 650 सीसीच्या गाडीला पुन्हा दिले, ते याच ओढीवर.

इंदुरात दुसऱ्याची चासी घेऊन तिच्यावर आपल्याला हवी ती काया चढवण्याची हौस पहिल्यांदा दिसते ती राजवाड्यात. दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी 1930 च्या दशकात अमेरिकन डुसेनबर्ग एसजे मोटारीच्या चासीवर इंग्लंडच्या गर्नी नटिंग या काया बांधणाऱ्या कंपनीकडून केशरी-काळी स्पीडस्टर बांधून घेतली होती. मोटारसायकलींचा मामला अर्थातच मध्यमवर्गीय. रामबाग किंवा टिळकनगरच्या घरात आजोबांची बुलेट, नाहीतर काकांची येझदी वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली उभी असते आणि नातू कॉलेजात गेला की तिच्यावरची धूळ झटकली जाते. शहराभोवती यंत्रांचे वातावरणही आहे. पीथमपूरला 1980 च्या दशकात कायनेटिक होंडाचा कारखाना आला, तिथेच 2007 पासून ‘बाहा’ या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या गाडीबांधणी स्पर्धेचे मैदान भरत आले आणि 2021 मध्ये नॅट्रॅक्स या चाचणी केंद्रात 11.3 किलोमीटरचा अतिवेगवान ट्रॅक सुरू झाला. कॅफेचे म्हणाल, तर इंदुरी स्वारांची पहाटेची फेरी सिमरोल किंवा मानपूरच्या घाटाकडून परतून पोहे-जिलेबीच्या गाडीवर संपते. ‘पोहे रेसर’ हे नाव इथे जास्त शोभले असते.

काय काढायचे

हे काम जोडण्याचे कमी आणि काढण्याचे जास्त. पहिल्या दिवशी लेगगार्ड, साडीगार्ड, कॅरिअर, मेन स्टँड, बाजूच्या पेट्या, लोखंडी मडगार्ड आणि लांबलचक सीट एवढे उतरते. सुट्या भागांचे गाठोडे शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून बघण्याची पद्धत आहे. काट्याचा आकडा बघून मालक हरखतो, तेव्हा थोडे गणित करावे. जुनी बुलेट 350 सुमारे 163 किलोची, चालक 70 किलोचा, मिळून 233. त्यातून 15 किलो गेले तर भार साडेसहा टक्क्यांच्या आसपास घटतो. सिग्नलवरून सुटताना, घाटात चढताना आणि ब्रेक दाबताना हा फरक कळतो. सपाट रस्त्यावरच्या कमाल वेगात मात्र तो जवळजवळ दिसत नाही, कारण तिथे लढाई वजनाशी नसून वाऱ्याशी असते.

वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोडायला लागणारी शक्ती घनाने. ताशी 100 वरून 110 किलोमीटरवर जायचे, तर वाऱ्यापुरती शक्ती एक तृतीयांशाने वाढवावी लागते. म्हणून चालकाला वाकवणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. उंच हँडलच्या जागी फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या, दोन नळ्यांना आवळलेली ‘क्लिप-ऑन’ हँडले येतात, पायदाने मागे सरकतात आणि छाती टाकीवर टेकते. इंदूर-भोपाळ एवढे अंतर या बैठकीत कापणाऱ्याची मनगटे दुसऱ्या दिवशी चहाचा कप धरायला कुरकुरतात, हेही नोंदवायला हवे.

पायदाने मागे नेणे दिसते तितके सोपे नाही. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली. मागच्या पायदानासाठी गिअरचा दांडा उलटा, मागे तोंड करून बसवला की क्रमही उलटतो : पहिला खाली, बाकीचे वर. जुनी सवय न सुटलेला चालक ऐन ओव्हरटेकमध्ये चौथ्याऐवजी दुसरा टाकतो. जावा-येझदीत अडचण वेगळी आहे. तिथे डावीकडचा एकच दांडा गिअरचाही असतो आणि किकचाही. तो हलवला की गाडी सुरू कशी करायची, हा प्रश्न उभा राहतो. बरेच मालक म्हणूनच येझदीची पायदाने जागची हलवत नाहीत, आणि ते शहाणपणाचे आहे.

फ्रेम कापण्यात खरी परीक्षा असते. बुलेटमध्ये इंजिनखालून जाणारा पाळणा नाही. पुढची नळी इंजिनाला येऊन मिळते आणि इंजिन स्वतःच फ्रेमचा भाग म्हणून ताण सोसते. त्यामुळे इंजिन धरणाऱ्या पट्ट्यांना भोके पाडून ग्रॅम वाचवण्याची हौस अंगाशी येते. मागच्या बाजूला शॉकअपचा वरचा टेका जिथे आहे, त्याच्या मागची शेपटी तेवढी कापता येते. चांगला कारागीर ग्राइंडर हातात घेण्याआधी खडूने रेघ मारतो, मालकाला सीटवर बसवतो, मागून वाकून बघतो, रेघ पुसतो, पुन्हा मारतो. कापलेल्या टोकांना वाकवलेली नळी वेल्ड केली की वर एकट्याची सीट येते, मागे उंचवटा असलेली, जोर घेताना चालक मागे घसरू नये म्हणून.

सुटणाऱ्या वजनातही प्रतवारी असते. चाकाच्या रिमवरचा एक किलो हा कॅरिअरच्या एका किलोपेक्षा महाग, कारण त्याला पुढे ढकलायचेही असते आणि फिरवायचेही, शिवाय तो शॉकअपच्या खाली असल्याने प्रत्येक खड्ड्यात उसळतो. लोखंडी रिमच्या जागी ॲल्युमिनियमचे रिम आणि नवे आरे यांवर खर्च केलेला पैसा त्यामुळे सगळ्यात सार्थकी लागतो. बहुतेक मालक तोच पैसा रंगावर घालवतात.

इंजिन

बुलेट 350 चा सिलिंडर 70 मिलिमीटर व्यासाचा, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, 90 मिलिमीटर, क्षमता 346 सीसी, शक्ती साधारण 18 अश्वशक्ती. घासलेला सिलिंडर खरादीवर बोअर करून मोठा पिस्टन घालणे हे गॅरेजातले नेहमीचे काम. साठ थाउचा (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे दीड मिलिमीटर मोठा, पिस्टन घातला तर क्षमता 361 सीसी होते. वाढ जेमतेम चार टक्के. यापेक्षा सिलिंडर हेडमधली हवा-धुराची वाट घासून गुळगुळीत करणे, व्हॉल्व्ह नीट बसवणे आणि कार्बोरेटर एक माप मोठा घेणे जास्त फळते. या इंजिनाची मर्यादा त्याच्या लांब स्ट्रोकमध्ये आहे. मिनिटाला 5,600 फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळपास 17 मीटर होतो. यामाहा आरएक्स 100 चा स्ट्रोक 50 मिलिमीटर, तिथे 7,500 फेऱ्यांनाही तो साडेबारा मीटरच असतो. शिवाय जुन्या बुलेटच्या कनेक्टिंग रॉडचे मोठे टोक रोलरवर नव्हे, तर तरंगत्या बुशवर फिरते आणि तेलाचा पंपही बेताचा. तिला ओरबाडून पळवणारा मालक वर्षभरात त्याच खरादवाल्याच्या दारात पुन्हा उभा दिसतो.

वेग वाढवायचा सोपा मार्ग म्हणून पुढचे स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचे दातेरी चाक, बदलतात. मागचे 38 दात्यांचे स्प्रॉकेट ब्रेकच्या ड्रमशी एकजीव ओतलेले, त्यामुळे हात लावायचा तो पुढच्याला. 16 ऐवजी 17 दाते केले की तेवढ्याच फेऱ्यांत वेग सहा टक्के वाढतो, पण इंजिनाला तो भार ओढता आला तरच. सिमरोलच्या चढावर तीच गाडी तिसऱ्यावर रडते.

टू-स्ट्रोकचा न्याय निराळा. 98 सीसीची, 11 अश्वशक्तीची, शंभरेक किलोची आरएक्स 100 (1985-1996) ही भारतातल्या हौशी ट्यूनरांची पहिली पाटी आहे. तिथे हेडमध्ये बुलेटसारखे व्हॉल्व्ह नसतात, सिलिंडरच्या भिंतीतली दारे, म्हणजे पोर्ट, पिस्टनच उघडतो आणि मिटतो. बाहेर जाणाऱ्या धुराचे दार अर्धा-एक मिलिमीटर वर उचलले की शक्ती वरच्या फेऱ्यांकडे सरकते, खालची ओढ मात्र जाते. पोटात फुगलेला आणि शेवटाला निमुळता होणारा एक्सपान्शन चेंबर लावला, तर धुरासोबत बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण परतीच्या दाबलहरीने आत ढकलले जाते. नळी दोन-चार सेंटीमीटर चुकली की लहर अवेळी येते आणि गाडी मूळच्यापेक्षा मंद होते. डोळ्यांना चेंबर तसाच देखणा दिसतो, हा त्यातला फसवा भाग. एस्कॉर्ट्सने 1983 मध्ये आणलेल्या राजदूत 350 ची कथा तर उलटीच : जपानी यामाहा आरडी 350 ची शक्ती भारतासाठी मुद्दाम घटवून 30.5 अश्वशक्तीवर आणलेली होती. तिला ‘सुधारणे’ म्हणजे बऱ्याच अंशी मूळपदावर नेणे.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटरवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा साधारण पाच टक्के विरळ आणि मे महिन्यात तापून आणखी हलकी. मुंबईत जमवलेले जेटचे, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या छिद्राचे, माप इथे पेट्रोल जास्त पाजते. त्यात 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याच जेटवर मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. जुने रबर त्याने फुगते, आणि हौसेने बनवलेल्या फायबरच्या टाकीची राळ मऊ होऊन कार्बोरेटरमध्ये उतरू शकते. हिशेब दोन्हीकडून ओढतो, म्हणून कागदावर न सुटता तो प्लगवर सुटतो. बायपासवर पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवायची, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करायचे, फडक्याने धरून प्लग काढायचा आणि उन्हात तिरका धरून पांढऱ्या चिनी मातीचा रंग बघायचा. भाजलेल्या बिस्किटासारखा तपकिरी असला तर ठीक. काळा, काजळी धरलेला असेल तर जेट लहान करायचा. पांढराफटक असेल तर ताबडतोब मोठा, नाहीतर पिस्टनला भोक. हे वाचन चार प्लग जाळल्याशिवाय येत नाही.

ब्रेकचा विषय गॅरेजात शेवटी निघतो, निघायला हवा पहिल्यांदा. या गाड्यांचे ड्रम ब्रेक मूळ वेगासाठीच बेताचे होते. पुढे डिस्क बसवायची तर चाकाचा हब आणि फोर्कचा पायही बदलावा लागतो, आणि अंदाजपत्रक तिथेच कोलमडते.

कायदा

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पहिल्या दिवशी उतरणारे साडीगार्डही केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 123 नुसार आवश्यक आहे. रंगासाठी परवानगीची वाट आहे. दुसरे इंजिन, कापलेली फ्रेम आणि मोकळा सायलेन्सर यांचा विषय कठीण, आणि पोलिसांच्या नजरेत पहिला भरतो तो सायलेन्सर. जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवल्याची चित्रे देशभरच्या वर्तमानपत्रांत येत असतात.

2021 च्या नियमांनी एक नवाच पेच आणला. 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क 20,000 रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. मूळ स्वरूप ही अट असल्याने कापलेली गाडी तिथे बसत नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणाऱ्या नूतनीकरणालाही गाडी कागदाप्रमाणे दिसावी लागते. त्यामुळे जाणते मालक फ्रेमला ग्राइंडर लावू देत नाहीत, सगळे बदल नटबोल्टवरचे ठेवतात. उतरवलेले मडगार्ड, हँडल, सीट आणि साडीगार्ड तेलाचा हात फिरवून पोत्यात बांधले जातात, आणि पोते माळ्यावर जाते.