‘एवढी मॅच संपू दे’

रविवारी रात्री साडेनऊला बहिणीच्या घरी पाने वाढली गेली. तिने तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा आतल्या खोलीतून भाच्याचे ठरलेले उत्तर आले, ‘एवढी मॅच संपू दे.’ मी आत डोकावलो. तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, म्हणजे मुलांच्या बोलीतले बीजीएमआय, हा ऑनलाइन लढाईचा खेळ खेळत होता. खरे तर खेळत नव्हता, कारण त्याचा खेळाडू केव्हाच मारला गेला होता. तरीही तो पडद्याला चिकटून होता. स्क्वॉडमधले, म्हणजे त्याच्या संघातले, दोन मित्र अजून जिवंत होते आणि त्यांच्या मागून कोण येत आहे हे तो हेडफोनच्या माइकवरून त्यांना सांगत होता. बहिणीच्या मते हे व्यसन होते. त्याच्या मते मित्रांना अर्ध्यावर सोडून जेवायला बसणे हा दगा होता.

जुन्या मोबाइलवरचा साप किंवा टीव्हीला जोडून खेळायचा मारिओ हवा तेव्हा थांबवता येत असे, कारण ते जग आपल्याच यंत्रात असे. ऑनलाइन सामन्याचे जग दूरच्या सर्व्हरवर चालू असते आणि आपला फोन ही त्या जगाची केवळ खिडकी असते. शंभर जण एका नकाशावर उतरलेले असताना एकाची भाजी गार होते म्हणून उरलेल्या नव्व्याण्णवांना थांबवता येत नाही. खेळण्याचा सुरक्षित भाग, म्हणजे ‘झोन’, आकसत जातो आणि अर्ध्या तासाच्या आसपास सामना आपोआप निकाली निघतो. त्यामुळे ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ ही आईची मागणी आणि खेळाची रचना यांत पहिल्यापासूनच तेढ आहे. तिचा अर्थ मुलगा बिघडला असा लगेच काढता येत नाही.

त्या रात्री बहिणीने मला सरळ प्रश्न विचारला, ‘दिवसाला किती तास झाले म्हणजे व्यसन म्हणायचे?’ प्रश्न वाजवी आहे, परंतु वैद्यकशास्त्राने त्याचे उत्तर तासांत दिलेलेच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मंजूर केली. १ जानेवारी २०२२पासून ती लागू झाली आणि तिच्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ या विकाराची नोंद आहे. त्याची लक्षणे तीन सांगितली आहेत. कधी सुरू करायचे, किती वेळ खेळायचे आणि कधी थांबायचे यांवरचा ताबा सुटतो. इतर आवडीनिवडी आणि रोजची कामे मागे पडून खेळ सर्वांच्या पुढे जातो. आणि नुकसान होत आहे हे दिसत असूनही खेळणे चालू राहते किंवा वाढते. या साऱ्यामुळे शिक्षण, काम किंवा नातेसंबंध यांची ठळक हानी व्हायला हवी आणि हे चित्र साधारणपणे किमान १२ महिने टिकायला हवे. लक्षणे फार तीव्र असतील तर हा काळ कमी धरता येतो. तासांचा आकडा या व्याख्येत कुठेही नाही.

मराठीत या प्रवासासाठी तीन निरनिराळे शब्द आहेत, ही आपल्या भाषेची श्रीमंतीच म्हणायची. छंद असतो, नाद लागतो आणि व्यसन जडते. वैद्यकीय व्याख्या यांपैकी फक्त तिसऱ्याला लागू होते. जगभरातील पाहण्या एकत्र करून काढलेले अंदाज खेळणाऱ्यांपैकी साधारण दोन ते तीन टक्क्यांपर्यंत येतात आणि निकष जितके कडक लावावेत तितका हा आकडा खाली सरकतो. घरोघरी ज्यावरून वाद होतात तो बहुतांशी नादच असतो. नाद निरुपद्रवी असतो असे मात्र मी म्हणत नाही.

हा नाद लागतो कसा, याचा शोध मेंदूत घ्यावा लागतो. १९९८मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात लंडनमधील संशोधकांचा एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध झाला. आठ पुरुषांना पडद्यावरचा रणगाडा माउसने चालवून झेंडे गोळा करण्याचा खेळ देण्यात आला आणि त्याच वेळी पॉझिट्रॉन उत्सर्जन चित्रणाने, म्हणजे पेट स्कॅनने, त्यांचा मेंदू तपासला गेला. त्यांना आधी रॅक्लोप्राइड नावाचे किरणोत्सारी खूण लावलेले द्रव्य टोचले होते. मेंदूतील पेशींवरच्या ज्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर) डोपामिन हे संदेशवाहक रसायन बसते त्यांवरच हे द्रव्य बसते. त्यामुळे डोपामिन अधिक सुटले की रॅक्लोप्राइडला जागा कमी उरते. खेळताना नेमके तसे घडले, आणि जो जितक्या वरच्या पातळीला पोहोचला तितकी ही घट त्याच्यात मोठी आढळली. हा प्रयोग आजही हिरिरीने सांगितला जातो, परंतु सांगताना एक तपशील गळतो. दर पातळीमागे त्या आठ जणांना सात पौंड मिळणार होते. परिणाम खेळाचा किती आणि पैशांचा किती, हे त्या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही.

डोपामिन म्हणजे आनंदाचे रसायन, हे वाक्य आता इतके फिरले आहे की ते खोडणे अवघड झाले आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून वेगळेच चित्र उभे राहिले. दिवा लागल्यावर फळाचा रस मिळतो हे माकड शिकत असताना सुरुवातीला डोपामिन सोडणाऱ्या पेशी रस मिळताच उद्दीपित होत. शिकून झाल्यावर त्या दिवा लागताच उद्दीपित होऊ लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा शांत राहिल्या. दिवा लावून रस दिला नाही, तर ज्या क्षणी तो मिळायला हवा होता त्याच क्षणी त्यांचे स्पंदन मंदावले. म्हणजे हा संकेत अपेक्षा आणि प्राप्ती यांतील फरकाचा आहे. जे हमखास मिळते त्याची या पेशींना फारशी पत्रास नसते.

२००३मध्ये शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस मिळण्याची शक्यता कमीजास्त करून पाहिली. खुणेचे चित्र दिसल्यापासून रस मिळेपर्यंतच्या काळात काही पेशींचे स्पंदन हळूहळू चढत जाई, आणि शक्यता बरोबर निम्मी असताना, म्हणजे रस मिळेल की नाही हे अजिबात सांगता येत नसताना, हा चढ सर्वांत उंच असे. त्या चढाचा अर्थ काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही हा प्रयोग वाचताना मला हटकून आर्पाद एलो आठवतात.

एलो हे हंगेरीत जन्मलेले अमेरिकी पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. बुद्धिबळपटूंचे बळ अंकांत मांडण्याची त्यांची पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७०मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंचे गुण समान असतील तर प्रत्येकाकडून निम्म्या गुणाची अपेक्षा धरली जाते. एकाचे २०० गुण जास्त असतील तर त्याची अपेक्षा सुमारे ७६ टक्क्यांवर जाते. ऑनलाइन खेळांत प्रतिस्पर्धी जुळवणारी यंत्रणा याच विचाराच्या वंशातली असते. तोडीस तोड गडी मिळावा हा तिचा हेतू रास्तच आहे, कारण एकतर्फी सामना कोणालाच आवडत नाही. पण तोडीस तोड याचा गणिती अर्थ निकाल जवळजवळ नाणेफेकीइतका अनिश्चित ठेवणे हाच होतो. तुम्ही सुधारलात की समोरचाही तगडा मिळतो. तुम्ही पुन्हा निम्म्यावर येता. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये अशी चुरस कधीतरी, एखाद्या संध्याकाळी जुळून येते. इथे ती दर सामन्याला, रात्री दोन वाजतासुद्धा, तयार करून दिली जाते.

हे मी केवळ वाचून लिहीत नाही. पन्नाशी जवळ आलेली असताना मी रोज रात्री फोनवर तीन-तीन मिनिटांचे बुद्धिबळाचे डाव खेळतो. जिंकलो की अजून एक, आणि हरलो की हरून कसे झोपायचे म्हणून अजून एक. परवा सलग नऊ डाव झाले आणि त्यांतला एकही मला आठवत नाही. मला मात्र कोणी व्यसनी म्हणत नाही, कारण बुद्धिबळ हा सभ्य खेळ आहे.

याच अनिश्चिततेला पैसा जोडला की प्रकरण गंभीर होते. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांत दाखवले होते की दर ठरावीक टोचींनंतर दाणा देण्यापेक्षा कधी तीन, कधी तीस अशा बेभरवशाच्या टोचींनंतर दाणा दिला, तर पक्षी न थांबता टोचत राहतो आणि दाणा बंद झाल्यावरही बराच काळ टोचतो. खेळांतले ‘क्रेट’ याच तत्त्वावर उघडतात. पैसे मोजून पेटी घ्यायची आणि आत बंदुकीला चढवायचा दुर्मीळ रंग, म्हणजे ‘स्किन’, निघतो की नेहमीचा कचरा, हे नशिबावर सोडायचे. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांत तर यासोबत गमावलेले भरून काढण्याची ओढही असते. भारतात अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. ई-स्पोर्ट्सना, म्हणजे क्रीडास्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ खेळांना, त्याच कायद्याने वेगळे काढून मान्यता दिली. विज्ञानाच्या दृष्टीने ही रेघ बऱ्यापैकी योग्य जागी पडली आहे, असे माझे मत आहे.

घड्याळाचा उपाय करून झालेला आहे. दक्षिण कोरियाने नोव्हेंबर २०११पासून सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन खेळ बंद केले. लोकांनी त्याला ‘सिंड्रेला कायदा’ म्हटले. तो संगणकावरच्या खेळांसाठी होता आणि तोवर मुले मोबाइलकडे वळू लागली होती. २०२२च्या सुरुवातीला तो मागे घेतला गेला. चीनने २०१९मध्ये अल्पवयीनांना सर्वसाधारण दिवशी दीड तासाची मर्यादा घातली आणि २०२१मध्ये ती शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ इतकी आवळली. २०१९च्या नियमानंतर प्रत्यक्ष काय झाले, हे संशोधकांनी सात अब्जांहून अधिक तासांच्या खेळाच्या नोंदींवरून तपासले, तेव्हा अतिखेळण्याचे प्रमाण घटल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. दुसऱ्या कोणाच्या नावाचे खाते वापरणे मुलांना अवघड नसते, हे सांगायला संशोधक लागत नाही.

डॉक्टरांचा मार्ग वेगळा असतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र दवाखाना चालतो. अशा ठिकाणी खेळासोबत झोप, नैराश्य, एकाकीपणा, अवधानाच्या अडचणी यांचीही विचारपूस होते, कारण या गोष्टी व्यसनाबरोबर वारंवार आढळतात. आधी काय आले, हे ठरवणे सोपे नसते. वर्गात कोणी बोलत नाही म्हणून स्क्वॉडमध्ये रमलेला मुलगा आणि स्क्वॉडपायी वर्ग सोडलेला मुलगा बाहेरून अगदी सारखे दिसू शकतात.

आणि जो दिवसाचे आठ-दहा तास खेळतो, पण ज्याला त्याचे मानधन मिळते, त्याचे काय? हांगझौच्या आशियाई क्रीडा स्पर्धांत, ज्या २०२२च्या नावाने २०२३मध्ये भरल्या, ई-स्पोर्ट्सच्या सात प्रकारांना पदके होती. या खेळाडूंचे शरीर कोणत्या मर्यादांशी झगडते, ते पाहण्यासारखे आहे. दिसलेल्या गोष्टीवर साधी प्रतिक्रिया द्यायला माणसाला सुमारे २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो, म्हणून मुंबईहून सिंगापूरच्या सर्व्हरला जाऊन परत यायला किमान साधारण ४० मिलिसेकंद जातातच. प्रत्यक्षात तारा वाकड्यातिकड्या असल्याने ‘पिंग’, म्हणजे हा जाण्यायेण्याचा वेळ, याहून जास्त दिसते. ‘लॅग (विलंब) होता म्हणून मेलो’ या पोरांच्या तक्रारीत म्हणूनच कधी कधी तथ्य असते.

कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ खेळणाऱ्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ जणांच्या नोंदी तपासल्या. या खेळात प्रत्येक आज्ञा वेळेसह जतन होते, त्यामुळे नकाशाच्या नव्या भागाकडे पाहिल्यापासून पहिली कृती करेपर्यंतचा काळ मोजता येतो. वयाच्या २४व्या वर्षापासून हा काळ वाढू लागतो असे आढळले. आकडा वाचून मी दचकलो होतो. पण त्याच नोंदींत असेही दिसले की वयाने मोठे खेळाडू सोप्या आज्ञा आणि जवळच्या वाटा वापरून ही उणीव भरून काढतात. ‘लीग ऑफ लेजंड्स’मधील कोरियाचा ‘फेकर’ ऊर्फ ली सांग-ह्योक याने पहिले जागतिक विजेतेपद २०१३मध्ये सतराव्या वर्षी मिळवले आणि २०२४मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षीही मिळवले. २०२३मध्ये हाताच्या दुखापतीने त्याला काही आठवडे बाहेर बसावे लागले होते. तेही कोणत्याही खेळाडूला ओळखीचेच.

व्यावसायिक संघांचा दिवस पाहिला, तर त्यातला बराचसा वेळ खेळण्यात जातच नाही. सराव सामना संपला की त्याची जतन केलेली नोंद पडद्यावर पुन्हा लावली जाते, कोण कुठे उशिरा पोहोचला, माहिती कोणी दिली नाही, यावर चर्चा होते, आणि मग पुढचा सामना. हरल्यावर ‘पुन्हा खेळा’ हे बटण आधी दाबले जाते की नोंद आधी उघडली जाते, एवढाच नाद आणि व्यवसाय यांतला फरक कधी कधी डोळ्यांना दिसतो.

दहा वाजून पाच मिनिटांनी भाचा जेवायला आला. त्यांचा स्क्वॉड दुसरा आला होता. पोळी गार झाली होती आणि बहीण बोलत नव्हती. त्याने आमटीची वाटी घर म्हणून मध्ये ठेवली, लोणच्याची बरणी टेकडी म्हणून तिच्या डावीकडे सरकवली आणि झोन आकसताना आपण वाटीत बसून राहिलो, बरणीमागे आधीच जायला हवे होते, हे चमचे हलवून मला समजावू लागला. ‘आधी जेव,’ बहीण म्हणाली, आणि तिने टेकडी उचलून स्वतःच्या पानात लोणचे वाढून घेतले.