देखणी पेटी आणि आतला आवाज: घरगुती स्पीकरची पार्श्वभूमी

जर्मनीच्या ब्राऊन कंपनीने १९५६ साली ‘एसके ४’ हा रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेला संच आणला. आराखडा हान्स गुगेलोट आणि डीटर राम्स यांचा. पांढरा रंग दिलेला वाकवलेला पत्रा, दोन्ही बाजूंना एल्म लाकडाच्या फळ्या आणि वर पारदर्शक प्लेक्सिग्लासचं झाकण. लोकांनी त्याला ‘हिमगौरीची शवपेटी’ असं नाव ठेवलं. ते झाकण पुढे टर्नटेबलची ओळखच बनलं, पण त्याचा जन्म शोभेपोटी झाला नव्हता. आधी झाकणही पत्र्याचंच ठरलं होतं. आवाज वाढवला की पत्रा थरथरून वाजायचा, म्हणून प्लास्टिक आलं.

त्याआधीचा काळ रेडिओग्रामचा, म्हणजे रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर आणि स्पीकर एकाच लाकडी कपाटात बसवलेल्या संचाचा होता. आपल्याकडेही तो दिवाणखान्यात बसवलेल्या फर्निचरच्याच मानाने नांदला. पण त्या चकचकीत लाकडी पेटीत एक मुळातली अडचण होती. रेकॉर्डची सुई आणि स्पीकर एकाच लाकडावर बसवलेले असत. स्पीकरचा हादरा लाकडातून सुईपर्यंत पोचे, सुई तो पुन्हा अॅम्प्लिफायरकडे पाठवी आणि आवाज वाढवताच घूं-घूं सुरू होई. १९५८ मध्ये स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या. दोन स्पीकर एकमेकांपासून लांब ठेवणं भाग पडलं आणि ही गाठ आपोआप सैल झाली.

पेटी लहान करण्याची खरी उडी १९५४ ची, अमेरिकेतल्या एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांच्या ‘एआर-१’ या स्पीकरची. तोपर्यंत खोल बास, म्हणजे अगदी खालचे स्वर, हवे असतील तर कपाटाएवढी पेटी लागे. १९४६ चा ‘क्लिप्शहॉर्न’ तर खोलीच्या कोपऱ्यातल्या भिंतींनाच भोंग्याचा भाग बनवी. विल्चर यांनी १२ इंची वूफरचा (खालचे स्वर काढणाऱ्या स्पीकरचा) पडदा मुद्दाम खूप सैल ठेवला आणि पेटी हवाबंद केली. आत कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करू लागली. सुमारे ५० लिटरच्या पेटीतून खोल बास निघाला. किंमत मोजावी लागली ती शक्तीची. अशा स्पीकरला जास्त वॅट लागतात आणि आवाजातल्या दर ३ डेसिबलच्या तुटीमागे अॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट करावी लागते.

क्लॉस यांचे भागीदार अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो: लहान पेटी, खोल बास आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच पदरात पडतात. देखण्या, सडपातळ स्पीकरच्या जाहिराती बहुधा तिसऱ्या गोष्टीचा उल्लेख टाळतात.

आकड्यांत पाहू. एका वूफरची स्वतःची कंपनसंख्या ३५ हर्ट्झ, क्यूटीएस (कंप किती रेंगाळतो याचं माप, आकडा मोठा तितका रेंगाळ जास्त) ०.३५ आणि व्हीएएस, म्हणजे पडद्याच्या लवचीकपणाशी बरोबरी करणारी हवा, ४० लिटर आहे. २० लिटरच्या बंद पेटीत त्याची कंपनसंख्या ६१ हर्ट्झवर जाते आणि क्यू, म्हणजे तेच माप पेटीसकट, ०.६१ राहतो. बास आवळ आणि स्वच्छ. तोच वूफर ‘शेल्फवर मावेल’ अशा ५ लिटरच्या पेटीत कोंबला तर कंपनसंख्या १०५ हर्ट्झवर चढते आणि क्यू १.०५ होतो. मग १४० हर्ट्झच्या आसपास दीड डेसिबलचा फुगवटा येतो आणि खाली सगळं झपाट्याने गळतं. कान त्या फुगवट्यालाच बास समजतो. दोन मिनिटं छान वाटतं, तासाभराने डोकं दुखतं. ही गणितं नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९६० ते ७० च्या दशकांत मांडली. तेव्हापासून पेटीचं माप अंदाजाने ठरवण्याचं कारण उरलेलं नाही.

आकारमानाइतकाच आकारही बोलतो. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या हॅरी ओल्सन यांनी १९५१ मध्ये वेगवेगळ्या घडणीच्या पेट्या मोजून दाखवल्या. गोल पेटीचा आवाज सर्वांत सपाट, तर चौकोनी ठोकळ्यात कडांवरून परावर्तित लहरींमुळे मोठे चढउतार. म्हणून गोलाकार स्पीकर ही निव्वळ हौस नव्हे. पण कडेला ५-६ मिलिमीटरची नाजूक गोलाई देऊन काही साधत नाही, ती फक्त हाताला मऊ लागते. १९९३ चा बी अँड डब्ल्यू या ब्रिटिश कंपनीचा ‘नॉटिलस’ स्पीकर शंखासारखा दिसतो, कारण वूफरच्या मागची लहर निमुळत्या नळीत जिरवायची होती. त्याच्या प्रत्येक स्पीकरला अॅम्प्लिफायरचे चार चॅनल लागतात, हे मात्र फोटोत दिसत नाही.

याउलट बीबीसीचा ‘एलएस ३/५ए’ हा स्पीकर. सुमारे ३० × १९ × १६ सेंटिमीटरची साधी डबी, बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत मावावी म्हणून बनवलेली. भिंती फक्त १२ मिलिमीटर बर्च प्लायच्या, आतून बिटुमेनचे (डांबराचे) तुकडे चिकटवलेले. जाड भिंतीऐवजी पातळ आणि ‘मेलेली’ भिंत. ट्वीटरभोवती, म्हणजे उच्च स्वर काढणाऱ्या छोट्या स्पीकरभोवती, फेल्ट. पुढची जाळी लावूनच आवाजाचा तोल साधलेला, त्यामुळे शोभेसाठी जाळी काढली की उच्च स्वर बदलतात. घरात तो लोकप्रिय झाला तो आवाजासाठी.

१९८७ पासून बोसच्या ‘अकूस्टिमास’ धर्तीची छोट्या डब्यांची जोडी आणि लपवलेला बास-खोका हा घाट घरोघरी पोचला. इथे पाहायचा आकडा क्रॉसओव्हरचा, म्हणजे ज्याच्या खालचे स्वर खोक्याकडे जातात त्या कंपनसंख्येचा. साधारण ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतो ते कानाला कळत नाही, म्हणून खोका सोफ्यामागे चालतो. पण डबे फार लहान असले तर हा आकडा १५० ते २०० वर न्यावा लागतो आणि पुरुष गायकाच्या आवाजाचा खालचा भाग सोफ्यामागून येऊ लागतो.

डोळे कानावर किती मात करतात, हे हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतले संशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवलं. आपल्याच कंपनीच्या ४० कर्मचाऱ्यांना त्यांनी चार स्पीकर उघड आणि पडद्याआड अशा दोन्ही रीतींनी ऐकवले. उघड ऐकताना मोठे, देखणे स्पीकर वरचढ ठरले. पडद्याआड तो फरक आटला आणि स्वस्त, लहान प्लास्टिकच्या संचाचे गुण वाढले.

आजच्या दंडगोलाकार स्पीकरांत आणि साउंडबारमध्ये संगणकीय दुरुस्ती असते. तीही हॉफमनच्या नियमाला हरवत नाही. एक सप्तक खाली तितकाच आवाज हवा असेल तर पडद्याला चौपट हवा हलवावी लागते. म्हणून हे स्पीकर हळू आवाजात बास उचलतात आणि आवाज वाढला की तो गुपचूप कापतात. दुकानात तपासायचं तर तबल्याचं रेकॉर्डिंग आधी हळू, मग मोठ्याने लावावं. हळू असताना घुमणारा डग्गा मोठ्याने टिचकीसारखा पातळ होत असेल, तर पडदा त्याच्या हद्दीला पोचलेला आहे.