वर्षावास (चातुर्मास)

वर्षावास म्हणजे पावसाळ्यात फिरणं थांबवून एकाच जागी मुक्कामाला राहणं. भारतात जन्मलेल्या बौद्ध, जैन आणि वैदिक-हिंदू अशा तिन्ही परंपरांत घर सोडलेल्या माणसाला हा नियम लागू आहे. बौद्ध लोक त्याला वर्षावास म्हणतात (पालीत नुसतं वस्स), जैन आणि हिंदू चातुर्मास म्हणतात. तारखा थोड्या वेगळ्या आहेत. बौद्धांचा वर्षावास आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि अश्विन पौर्णिमेला संपतो म्हणजे तीन महिने, जैनांचा चातुर्मास आषाढ शुद्ध चतुर्दशीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत, आणि हिंदूंचा आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी. अधिक महिना मध्ये आला तर चाराचे पाच महिने होतात, 2023 मध्ये अधिक श्रावण आला तेव्हा असंच झालं होतं.

आपल्याकडे चातुर्मास म्हटलं की कांदा-लसूण-वांगं बंद एवढंच पटकन आठवतं. पण ही प्रथा मुळात खाण्याची नाहीच, चालण्याची आहे, किंवा खरं सांगायचं तर न चालण्याची. पूर्वेकडच्या धर्मांतले अहिंसा, संघ, दान, व्रत हे सगळे मोठे शब्द इथे एकाच चिखलाच्या रस्त्यावर एकत्र भेटतात, म्हणून या नोंदीत जरा सविस्तर लिहितोय.

नियम कुठून आला

इसवीसनापूर्वी पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराला गंगेच्या खोऱ्यात घरदार सोडून फिरणाऱ्यांचे बरेच पंथ होते. त्यांना श्रमण किंवा परिव्राजक म्हणायचे, आणि परिव्राजक या शब्दातच सतत फिरत राहणं आहे. एका जागी राहिलं की जागेचा मोह होतो, ओळखी होतात, हे माझं ते तुझं सुरू होतं, म्हणून फिरत राहायचं. पण पावसाळ्यात हेच फिरणं अंगाशी यायचं, नद्यांना पूर, वाटा बुडालेल्या, आणि जमिनीवर जिकडे बघावं तिकडे कोवळं गवत, किडे, गांडुळं, बेडूक.

विनयपिटक म्हणजे बौद्ध संघाच्या नियमांचा ग्रंथ, त्यातल्या महावग्ग या भागात याची हकिगत आहे. बुद्ध राजगृहाला वेळुवनात असताना लोक कुरकुर करायला लागले, की हे शाक्यपुत्रीय श्रमण (म्हणजे बुद्धांचे भिक्खू) हिवाळा, उन्हाळा, पावसाळा काही न बघता फिरतात, हिरवं गवत तुडवतात, एकेंद्रिय जीवांना त्रास देतात, कितीतरी बारीक जीव मारतात, बाकीच्या पंथांचे लोक तरी पावसात एका जागी बसतात, अहो पक्षीसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटं बांधून राहतात! ही तक्रार बुद्धांच्या कानावर गेली आणि त्यांनी वर्षावासाचा नियम घालून दिला. म्हणजे नियम आधी बाकीच्या पंथांत होता, बौद्ध संघात तो लोकांच्या बोलण्यामुळे आला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण धर्माचा नियम म्हटला की वरून आला असं आपण धरून चालतो, इथे तो गावातल्या साध्या माणसांच्या नाराजीतून आला आणि तसं ग्रंथात स्पष्ट लिहूनही ठेवलं.

मग पुढे बारीकसारीक नियम आले, ते वाचताना ती माणसं डोळ्यासमोर उभी राहतात. झाडाच्या ढोलीत वर्षावास करायचा नाही, झाडाच्या बेचक्यात नाही, उघड्यावर नाही, छत्रीखाली नाही, मोठ्या रांजणात नाही. म्हणजे कुणीतरी खरंच रांजणात बसून बघितलं असणार, त्याशिवाय नियम कशाला लिहितील! गुरांच्या गोठणीवर, तांड्याबरोबर किंवा नावेत मात्र चालतं, आणि गोठण हलली तर तिच्याबरोबर जायलाही परवानगी. आई-वडील आजारी असतील, सोबतचा भिक्खू आजारी असेल तर सात दिवसांपर्यंत बाहेर जाता येतं, न बोलावता सुद्धा.

जैनांचा नियम याहून कडक, कारण त्यांची जीवाची कल्पनाच जास्त बारीक, पाण्याच्या थेंबात, मातीत, अंकुरात सगळीकडे जीव. आचारांगसूत्रात सरळ कारण दिलंय, की पाऊस पडला की पुष्कळ जीव उपजतात, बी रुजतं, वाटा जीवांनी भरून जातात, म्हणून साधूने या गावाहून त्या गावाला जाऊ नये. बाकीचे आठ महिने साधूने एका गावी जास्तीत जास्त एक महिना राहायचं, असे आठ मुक्काम आणि नववा चातुर्मासाचा, याला नवकल्पी विहार म्हणतात. कल्पसूत्रात महावीरांचे 42 चातुर्मास कुठे कुठे झाले त्याची यादी आहे, त्यात सगळ्यात जास्त म्हणजे 14 राजगृह-नालंदा भागात, 12 वैशाली-वाणिज्यग्रामला आणि शेवटचा पावा इथे, जिथे त्यांचं निर्वाण झालं. बुद्धांचंही तसंच, पहिला वर्षावास सारनाथला आणि शेवटचा वैशालीजवळच्या बेलुव गावात, तिथे ते खूप आजारी पडले. त्या काळातल्या माणसाचं आयुष्य पावसाळ्यांनी मोजलं जायचं. आजही भिक्खूची ज्येष्ठता वयावर नसते, किती वर्षावास झाले त्यावर असते, साठीत दीक्षा घेतलेला माणूस दहा वर्षावास झालेल्या तिशीच्या भन्तेंना वंदन करतो.

वैदिक संन्याशांनाही हेच. गौतम धर्मसूत्रात भिक्षूसाठी ‘ध्रुवशीलो वर्षासु’ एवढंच म्हटलंय, पावसाळ्यात स्थिर राहावं. शंकराचार्य आणि त्या परंपरेतले संन्यासी आषाढ पौर्णिमेला व्यासपूजा करून चातुर्मास्याला बसतात (तीच आपली गुरुपौर्णिमा), आणि पंधरवडा म्हणजेच महिना असा अर्थ लावून चार पंधरवड्यांनी, भाद्रपद पौर्णिमेला उठतात. वेदांमधले चातुर्मास्य यज्ञ मात्र वेगळे, नाव सारखं असल्यामुळे लोक गल्लत करतात.

विहार या शब्दाची गंमत

जैन घरात कुणी म्हणालं की महाराजसाहेबांचा विहार सुरू आहे, तर त्याचा अर्थ ते पायी चालत पुढच्या गावाला निघालेत. आणि बौद्ध वस्तीत विहार म्हणजे इमारत, जिथे जाऊन बसायचं. एकच शब्द, एकीकडे चालणं आणि दुसरीकडे मुक्काम. हा फरक बराचसा वर्षावासामुळे पडला. तीन महिने थांबायचं म्हणजे छप्पर हवं, सुरुवातीला तात्पुरत्या झोपड्या होत्या, मग श्रीमंत उपासकांनी जेतवनासारख्या बागा दान दिल्या, मग पक्की बांधकामं, आणि हळूहळू भिक्खू पाऊस संपला तरी तिथेच राहायला लागले. बिहार राज्याचं नावही याच विहारांवरून आलंय.

आपल्या सह्याद्रीत हे प्रत्यक्ष बघता येतं. कान्हेरीला जुलैमध्ये जा, बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधून वर. शंभराहून जास्त लेणी आहेत आणि जवळपास प्रत्येक लेण्याच्या दाराशी एका बाजूला पाण्याचं टाकं, शिलालेखांत त्याला पोढी म्हटलंय. कातळात बोटभर रुंदीच्या पन्हळी कोरल्यात, छतावरचं पाणी त्यांतून घरंगळत टाक्यात येतं, खोलीत झोपायला दगडाचाच ओटा. बाहेर धो धो कोसळत असताना आत त्या ओट्यावर बसलं की ही जागा नेमकी कोणत्या ऋतूसाठी खोदली ते वेगळं सांगावं लागत नाही.

याचा खर्च कोण करायचं? नाशिकच्या पांडवलेण्यात, दहा नंबरच्या लेण्यात, क्षत्रप नहपान या राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे, साधारण 1,900 वर्षांपूर्वीचा. त्याने 3,000 कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनांकडे, कायमचे ठेवले, 2,000 एका श्रेणीकडे दर महिना शेकडा एक व्याजाने आणि 1,000 दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आणि 2,000 च्या व्याजातून काय, तर या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे भिक्खूच्या वस्त्रासाठी. हिशोब करून बघा, 2,000 चं वर्षाचं व्याज 240 आणि 20 गुणिले 12 पण 240, पैचा फरक नाही. आजच्या एफडीसारखीच ही व्यवस्था, आणि ज्यांच्याकडे पैसे ठेवले ते विणकर आणि ज्यासाठी ठेवले ते कापड! धर्म, बाजार आणि पाऊस असे तिन्ही एका दगडावर कोरलेले बाकी कुठे मी वाचले नाहीत.

एकत्र राहिलं की भांडणं येतात

मला विचाराल तर या प्रथेतली सगळ्यात खोल गोष्ट ही आहे. एरवी एकटेदुकटे फिरणारे लोक अचानक तीन-चार महिने एका छताखाली, खटके उडणारच. कोसल देशातल्या काही भिक्खूंनी त्यावर युक्ती काढली, की पूर्ण वर्षावास एकमेकांशी बोलायचंच नाही. भिक्षेहून आधी येईल त्याने आसनं मांडायची, पाणी भरायचं, शेवटी येईल त्याने आवरायचं, मदत लागली तर हाताने खूण करायची. पाऊस संपल्यावर ते मोठ्या कौतुकाने बुद्धांना सांगायला गेले की आम्ही अगदी गुण्यागोविंदाने राहिलो. बुद्धांनी शाबासकी दिली नाही, म्हणाले हे तर गुरामेंढरांसारखं राहणं झालं. आणि त्यांनी पवारणा सुरू केली. वर्षावासाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक भिक्खू उकिडवा बसून, हात जोडून संघाला तीनदा विनंती करतो, की माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा नुसती शंका आली असेल तर दया करून मला सांगा, मी सुधारेन. आणि सुरुवात सगळ्यात ज्येष्ठ भिक्खूने करायची, लहानांसमोर. ती रात्र आपल्या कोजागिरीची, अश्विन पौर्णिमा.

जैनांमध्ये हेच काम पर्युषणात होतं. श्वेतांबरांचे आठ दिवस, ते भाद्रपदात संवत्सरीला संपतात, दिगंबरांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत. संवत्सरीला सगळे एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतात, माझ्याकडून झालेलं वाईट फोल होवो. आता बरेच जण व्हॉट्सअॅपवर सगळ्या ग्रुपला एकच मेसेज टाकतात, पण वर्षभर बोलणं बंद असलेला चुलतभाऊ दारात येऊन हात जोडून हे दोन शब्द म्हणतो तेव्हा समोरच्याला काय होतं ते ज्याने बघितलंय त्याला विचारा.

घरातला चातुर्मास

संन्याशाचा नियम गृहस्थाच्या घरात कसा आला? विष्णू आषाढीला शेषावर झोपतो आणि कार्तिकीला उठतो ही पुराणातली कथा, देव झोपलेले म्हणून लग्नमुंजी नाहीत, तुळशीच्या लग्नानंतरच मुहूर्त सुरू. त्यात शेताची कामं, ओल, दमट हवा, पचन मंद, तेव्हा कमी खाणं शरीरालाही मानवतं. महाराष्ट्रात आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी, त्या दिवशी घरात कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, झुणका, जेवढा म्हणून कांदा असेल तो संपवायचा. वांगं सोडलेले काही लोक थेट मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याने सुरुवात करतात. आणि बायकांच्या हातात कहाण्यांचं पुस्तक, ‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही’. कुणी मीठ सोडतं, कुणी एकभुक्त राहतं, कुणी रोज पिंपळाला फेऱ्या घालतं. पंढरपुरात आषाढीला पोचलेले काही वारकरी परत न जाता चार महिने मठांत, फडांवर राहून भजन-कीर्तन ऐकतात.

नागपूरला 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये वर्षावास नव्याने रुजला. इथे दर गावाला भन्ते नाहीत, म्हणून लोकांनीच तो चालवला. तीन महिने रोज संध्याकाळी विहारात पांढऱ्या कपड्यात जमायचं, त्रिशरण-पंचशील, मग ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथाचं पान-पान वाचन, बऱ्याचदा वाचणारी दहावी-बारावीतली मुलगी आणि ऐकणाऱ्या तिच्या आजीच्या वयाच्या बाया, शेवटी खीरदान.

भारताबाहेर

थायलंडमध्ये बरेच तरुण फक्त या तीन महिन्यांपुरते भिक्खू होतात, आणि बरेच गृहस्थ तेवढे दिवस दारू सोडतात. म्यानमारमध्ये या काळात लग्नं होत नाहीत. तिबेटी परंपरेत उन्हाळी मुक्काम संपल्यावर लोक भिक्खूंना दही द्यायचे, ल्हासाचा शोतोन उत्सव त्यातलाच, ‘शो’ म्हणजे दही. चीनमध्ये आपला मान्सून नाही तरी नियम पोचला, चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेपासून सातव्याच्या पौर्णिमेपर्यंत. 399 साली चांगआनहून भारताकडे निघालेला चिनी भिक्खू फाहियान प्रवासात कुठे कुठे उन्हाळी मुक्काम केला ते नोंदत जातो. मुक्काम संपतो त्या दिवशी संघाला दान दिलं की मेलेल्या आईवडिलांना सद्गती मिळते अशी तिथे बुद्धांचा शिष्य मौद्गल्यायन आणि त्याच्या आईची कथा प्रसिद्ध झाली, त्यातूनच जपानचा ओबोन आला, पितरांना घरी बोलावून दिव्यांनी परत पाठवायचा सण.

पाऊस चार महिन्यांचा आणि बौद्ध वर्षावास तीनच, मग चौथा महिना कशाला? तो चीवरासाठी. कठिन चीवरदान अश्विन पौर्णिमेनंतर कार्तिक पौर्णिमेपर्यंत, एका विहारात एकदाच, आणि कापड मिळाल्यापासून कापणं, शिवणं, रंगवणं त्याच दिवशी पुरं व्हायला हवं. पुढच्या वाटेचे कपडे तयार झाले की संघ मोकळा. जैन साधू-साध्वीही कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास सोडतात, त्या दिवशी पालीताण्याचा शत्रुंजय डोंगर चार महिन्यांनी यात्रेला पुन्हा उघडतो, आणि दुसऱ्या दिवसापासून हायवेच्या कडेने पहाटे पांढऱ्या कपड्यातल्या साध्वी अनवाणी चालताना दिसायला लागतात, मागेपुढे रेडियमचं जॅकेट घातलेली दोन-चार पोरं, हातात टॉर्च.